कॉन्स्टँटिनोपलचे चंद्रग्रहण

(२२ मे १४५३). बायझंटिन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आधुनिक इस्तंबूल) हिला ऑटोमन तुर्कांचा वेढा पडला असताना दिसलेले खंडग्रास चंद्रग्रहण. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, २९ मे रोजी, शहर तुर्कांच्या हाती पडले. खगोलदृष्ट्या या ग्रहणात असाधारण असे काही नव्हते. वेढ्याच्या इतिहासाच्या साधनांची पारख करण्यास मात्र ते फार उपयोगी पडते.

एकवीस वर्षांच्या सुलतान दुसऱ्या मुहंमदाने एप्रिलच्या प्रारंभी वेढा घातला, तेव्हा सम्राट अकरावा कॉन्स्टंटीन याच्याजवळ लढणारी माणसे सु. ७,००० होती. २२ एप्रिल रोजी तुर्कांनी आपली जहाजे जमिनीवरून ओढून गोल्डन हॉर्न या खाडीत उतरविली. त्यामुळे खाडीकाठचा तटही राखणे भाग पडले व मुळातच अपुरे सैन्य विखुरले. मे महिन्यात तोफांच्या माऱ्याने जमिनीकडील तटास खिंडारे पडत होती आणि सारी भिस्त व्हेनिसहून येणाऱ्या आरमारावर होती.

ग्रहणाचा प्रमुख वृत्तांत नीकोलो बार्बारो या व्हेनिशियन जहाजावरील वैद्याच्या रोजनिशीत आढळतो (ही रोजनिशी व्हिएन्ना येथे १८५६ मध्ये छापली गेली). रात्रीच्या पहिल्या प्रहरी चंद्र उगवला, तो पौर्णिमेचा असूनही तीन दिवसांच्या कोरीसारखा दिसत होता. आकाश निरभ्र होते. चार तास तो तसाच राहिला आणि मग वाढत वाढत सहाव्या तासाला पूर्ण झाला, असे तो सांगतो. आपल्या पंचांगांच्या भाषेत हे ग्रस्तोदित ग्रहण होय. चंद्राने आकाशात खूण दाखविल्यावाचून नगरीचा नाश होणार नाही, असे भविष्य पहिल्या कॉन्स्टंटीनच्या नावावर प्रचलित होते. त्यामुळे सम्राट व त्याचे सरदार भयभीत झाले, तर तुर्कांच्या छावणीत आनंदोत्सव झाला, असेही बार्बारो नमूद करतो.

या वृत्तांतातील तासांचा हिशेब मात्र जुळत नाही. गणिताने या ग्रहणात चंद्रबिंबाचा सु. तीन चतुर्थांश भाग ग्रासला गेला होता. खंडग्रास ग्रहणाचा स्पर्शापासून मोक्षापर्यंतचा काळ फार तर साडेतीन तासांच्या आसपास असतो. मग कोर चार तास जशीच्या तशी राहणे अशक्य आहे. शिवाय पृथ्वीची छाया चंद्रबिंबाच्या अडीचपटींहून मोठी असल्याने ग्रस्त चंद्राची शिंगे तृतीयेच्या कोरीइतकी निमुळती दिसत नाहीत. तथापि एवढ्यावरून बार्बारोला अविश्वसनीय ठरविणे अन्यायाचे होईल. भ्यालेल्या माणसांना तास लांब वाटतात, आणि दिवस तर त्याने अचूक नोंदविला आहे.

हा दिवस महत्त्वाचा आहे. काही आधुनिक ग्रंथांत ग्रहणाची तारीख २४ मे अशी दिलेली आढळते. आरमाराच्या शोधार्थ तुर्की वेषातील बारा खलाशांसह गेलेले गलबत २३ मे रोजी रिकाम्या हाताने परतले. त्यापाठोपाठ ग्रहण, मेरीच्या प्रतिमेची मिरवणूक चालू असताना प्रतिमा खाली पडणे, गारांचा पाऊस व दुसऱ्या दिवशी दाट धुके, असा क्रम लावला की कथा रंगते. परंतु पौर्णिमा कथेसाठी दोन दिवस थांबत नाही. ग्रहण गलबत परतण्याच्या आदल्या सायंकाळी झाले. मदत येत नाही हे कळण्यापूर्वीच भय पसरले होते, एवढे यावरून सिद्ध होते. तट पडला तो मात्र तोफा, संख्याबळ आणि न आलेले आरमार यांमुळे.

दक्षिण पॅसिफिकमधील व्हानूआतू बेटांजवळच्या कुवाए ज्वालामुखीच्या उद्रेकाशी या शकुनांचा संबंध १९९३ मध्ये जोडण्यात आला. वातावरणातील धुळीने धुके पडले, सेंट सोफायाच्या घुमटावर विचित्र प्रकाश दिसला आणि ग्रहणही अधिक काळवंडले, अशी ही उपपत्ती आहे. ध्रुवीय हिमस्तरांच्या पुढील अभ्यासात त्या दशकातील सर्वांत मोठा गंधकयुक्त थर १४५८ च्या सुमाराचा ठरला. १४५३ च्या सुमाराचा थर त्याहून लहान आहे. त्यामुळे ही उपपत्ती दुबळी झाली आहे. खंडग्रास ग्रहणात उजळ भागाच्या झगमगाटापुढे ग्रस्त भागाचा काळेपणा डोळ्यांनी जोखता येत नाही, हीही अडचण आहेच.