मालक नेमका कोण? नगर हवेलीतील श्रम आणि समतेचा कायदा

सिल्वासातील डोकमर्डी आणि तिच्या भोवतालच्या औद्योगिक पट्ट्यात कामाच्या ठिकाणच्या समतेची चर्चा आज कारखान्यापुरती होत असली, तरी येथील श्रमविषमतेचे मूळ जमिनीत आहे. मराठ्यांशी झालेल्या तहानुसार 1783 मध्ये पोर्तुगिजांकडे गेलेल्या नगर हवेलीत पुढे ‘अल्वारा’ पद्धत रुजली. अल्वारा म्हणजे सरकारी सनदेने मिळालेला जमिनीचा हक्क, आणि तो बहुतांशी आदिवासी नसलेल्यांच्या हाती एकवटल्यामुळे वारली, कोकणा, धोडिया या समाजांना कसायची जमीन आणि करायचे काम या दोन्हींसाठी एकाच दाराशी उभे राहावे लागे.

सरहद्दीपलीकडे, त्या काळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतही चित्र फारसे वेगळे नव्हते. वेठ, म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने आणि बहुधा विनामोबदला करावे लागणारे काम, तेथे सर्रास होती; लग्नासाठी काढलेले कर्ज फेडण्यासाठी नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबायचे, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. या व्यवस्थेत जमीनदार, सावकार आणि मालक या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे असत, आणि त्यामुळेच मजुरी हा वेगळा व्यवहार म्हणून डोळ्यांसमोर येतच नसे. 1945 मध्ये झरी येथील परिषदेपासून गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली आणि दिवसाला किमान बारा आणे मजुरी मागितली. या मागणीचे महत्त्व रकमेपेक्षा रोजाच्या हिशेबात अधिक आहे, कारण मजुरीचा दर ठरवून मागणे म्हणजे समोरच्याला प्रथमच केवळ मालक म्हणून वागायला लावणे होय.

याच्या आधीपासूनच मुंबई इलाख्यात मालकाच्या जबाबदारीचा दुसरा प्रवाह वाहत होता. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले की, हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, मात्र स्त्रियांच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्णपणे मोकळे सोडता येणार नाही. 1929 मध्ये हा कायदा झाला, परंतु पोर्तुगीज हद्दीतील नगर हवेलीला त्याचा स्पर्श होण्याचे कारणच नव्हते.

2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि 1961 मध्ये हा प्रदेश भारतात विलीन झाला; त्याच वर्षीच्या कायद्याने तो मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला. जमिनीची गाठ मात्र 1971 च्या जमीन सुधारणा विनियमापर्यंत सुटायची राहिली. विनियम म्हणजे केंद्रशासित प्रदेशासाठी राष्ट्रपतींनी केलेला कायदा. त्याने अल्वारा हक्क संपुष्टात आणले, आणि नगर हवेलीपुरता विचार केला तर समतेचा पहिला खरा कायदा हाच म्हणावा लागेल, जरी कामगार कायद्यांच्या ग्रंथांत त्याला जागा मिळत नसली तरी.

स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचे बंधन मालकावर घालणारा समान पारिश्रमिक अधिनियम 1976 चा. त्याची कसोटी मुंबईच्या एका कार्यालयात लागली: मॅकिनन मॅकेंझी या कंपनीत गोपनीय काम करणाऱ्या स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार मिळत असे, आणि ऑड्री डिकोस्टा यांच्या प्रकरणात 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे फेटाळताना स्पष्ट केले की, युनियनशी झालेला करार किंवा कंपनीची ऐपत ही विषमतेची सबब होऊ शकत नाही. या निकालाला धार येण्याचे एक कारण असे की, दोन्ही बाजूंचे लघुलेखक एकाच मालकाकडे होते. अधिनियमातली तुलनाच मुळी एका आस्थापनेच्या चौकटीतली होती.

करसवलतींमुळे पुढील दशकांत नगर हवेलीत जे कारखाने उभे राहिले त्यांत हीच चौकट अपुरी पडू लागली. परप्रांतीय आणि स्थानिक कामगार अनेकदा ठेकेदारामार्फत भरले जातात, त्यामुळे एकाच यंत्रावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांचे मालक कागदावर वेगळे असू शकतात. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील केंद्रीय नियमांनी यावर उतारा शोधला होता: मुख्य मालकाच्या थेट कामगारांसारखेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला तितकेच वेतन मिळावे अशी अट परवान्यात घातली गेली, पण काम ‘तसेच’ आहे की नाही हे आधी सिद्ध करावे लागे. शिवाय 1976 चा अधिनियम लिंगभेदापुरताच असल्याने खासगी कारखान्यात आदिवासीला डावलले गेले तर त्याचा उपयोग नव्हता. आरक्षणाची तरतूद सरकारी नोकरीपुरती आहे, आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम वेठीला गुन्हा ठरवतो, भरतीतील कुजबुजीला नव्हे.

लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने मात्र एकाच मालकाच्या चौकटीची मर्यादा धाडसाने ओलांडली. त्यात ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत, अगदी मुख्य मालकाच्या नकळत कामाला लागलेली स्त्रीही येते, आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. वेतनाच्या बाबतीत कायदा इतका पुढे गेलेला नाही: 1976 च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही लिंगावरून भेदभाव करण्यास असलेली मनाई ‘त्याच मालकाकडून’ होणाऱ्या भेदभावापुरतीच आहे.