मागचं उकरून न्याय होत नाही

गावात चोरी झाली की पहिलं नाव कुणाचं निघतं? जो आधी तुरुंगात जाऊन आला त्याचं. आपल्या आष्टीत काय नि परतूरला काय, चारचौघांचा निकाल लगेच लागतो. कोर्टाला मात्र तसं करता येत नाही. हा नियम कसा आला, आणि बाईच्या वाट्याला किती उशिरा आला, ते आज बघू.

इंग्रजांनी १८७२ साली पुराव्याचा कायदा केला. त्याच्या कलम ५४ प्रमाणे आरोपीला आधी झालेली शिक्षा सुरुवातीला पुराव्यात चालायची. १८९१ साली ते कलम बदललं. आरोपी आधी वाईट वागला, एवढ्यावरून आजचा गुन्हा सिद्ध करता येणार नाही, असं ठरलं. त्यानं स्वतःच 'मी सज्जन आहे' असा पुरावा दिला, तर मात्र सरकारी वकील जुनी शिक्षा पुढे आणू शकतो. कारण सरळ आहे. जुनी शिक्षा ऐकली की मन कलतं, मग आजचा पुरावा कच्चा असला तरी तो पक्का वाटू लागतो.

पण त्याच कायद्यात कलम १५५ होतं. बलात्काराच्या खटल्यात तक्रार करणारी बाई वाईट चालीची आहे असं दाखवून तिची साक्ष पाडायची त्यात मुभा होती. आरोपीचं मागचं झाकलेलं, बाईचं मात्र चव्हाट्यावर!

याची झळ आपल्याच राज्यात दिसली. १९७२ च्या मार्चमध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजला, एका आदिवासी मुलीनं तक्रार केली की पोलीस ठाण्यातच पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. तिचं नाव आपण घेणार नाही. सत्र न्यायालयानं तिला खोटारडी म्हटलं, तिला शरीरसंबंधांची सवय होती असंही म्हटलं, आणि पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी धरलं, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईनं 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं, तर कोर्टानं ते आधी खरं धरायचं, असं ठरलं. तरी कलम १५५ मधली ती मुभा राहिलीच. ती २००२ च्या दुरुस्तीनं गेली. बाईचे आधीचे संबंध संमतीच्या प्रश्नात बघायचे नाहीत, हे वेगळं कलम २०१३ साली आलं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्यात कलम ४८ बाईच्या मागच्याबद्दल आहे, कलम ४९ आरोपीच्या. दोन्ही आता शेजारी शेजारी बसलीत. आरोपीला जे १८९१ साली मिळालं, ते बाईला मिळायला शंभरावर वर्षं गेली.

म्हणून गटातली कुणी अशा खटल्यात साक्षीला उभी राहिली, तर तिला आधीच सांगून ठेवा. संमती होती हे दाखवायला समोरचा वकील तिच्या चारित्र्याचं विचारू लागला, तर सरकारी वकिलानं हरकत घ्यायची आणि न्यायाधीशानं तो प्रश्न थांबवायचा. आणि गावात कुणावर आळ आला, तर आपणही आधी हेच विचारू या: या वेळी काय घडलं, आणि त्याचा पुरावा काय?