रिकाम्या सापळ्याची नोंद

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९०८ साली पृष्ठवंशी प्राण्यांचं संग्रहालय उभं राहिलं, ते ॲनी अलेक्झांडर यांच्या पैशावर आणि आग्रहावर. पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल यांनी तिथे टिपणवहीची एक शिस्त घालून दिली. रोजची दैनंदिनी, प्रत्येक जातीविषयीची स्वतंत्र टिपणं आणि गोळा केलेल्या नमुन्यांची क्रमवार यादी, असे तिचे तीन भाग. लिखाण टिकाऊ कागदावर, न पुसणाऱ्या शाईने करायचं. उंदराच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर जो क्रमांक, तोच वहीत. म्हणून संग्रहालयाचं दप्तर हे नमुन्यांच्या कपाटामागचं अडगळीचं कारकुनी काम नव्हे, तो नमुन्याचाच अर्धा भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. कातडं सांगतं की हा प्राणी इथे होता. त्या रात्री किती सापळे लावले, कुठल्या उंचीवर, आणि त्यांतले किती रिकामे राहिले, हे फक्त वही सांगते.

यावर रास्त आक्षेप असा, की शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला एखादा प्राणी दिसला नाही म्हणून तो तिथे नव्हताच, असं कसं म्हणावं? म्हणता येत नाहीच. पण ग्रिनेल आणि सहकाऱ्यांनी १९१४ ते १९२० या काळात योसेमिटीत रात्रवार नोंदी ठेवल्या होत्या. एखादी जात पहिल्या रात्री सापडली, दुसऱ्या रात्री हुकली, तिसऱ्या रात्री पुन्हा सापडली, अशा नोंदींतूनच ती हुकण्याची शक्यता किती, हे गणिताने काढता येतं. २००३पासून संशोधक त्याच जागी परत गेले तेव्हा हेच गणित कामी आलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासलेल्या २८ लहान सस्तन जातींपैकी निम्म्यांच्या वस्तीच्या हद्दी सरासरी ५०० मीटर वर सरकल्या होत्या, आणि दरम्यान तिथलं किमान तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढलं होतं. नमुन्यातून काढलेला डीएनए कितीही बोलका असला, तरी रिकाम्या सापळ्याची साक्ष तो देऊ शकत नाही.

संग्रहाचं खरं मोल कदाचित शतकभराने कळेल, असं ग्रिनेल यांनी १९१० साली लिहून ठेवलं होतं. १९३९ साली ते गेले. फेरपाहणीला गेलेल्यांनीही आपापल्या वह्या त्याच शिस्तीने लिहिल्या आणि त्याच दप्तरात जमा केल्या.