लोकलमधला कागद, रघुनाथराव कर्वे आणि निळी गोळी

विरार लोकलच्या डब्यात दाराशेजारच्या पत्र्यावर एक छोटा कागद वर्षानुवर्षे दिसतो. गुप्तरोग, कमजोरी, शर्तिया इलाज आणि खाली मोबाईल क्रमांक. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात १९५४ च्या ‘औषधे व जादूचे उपाय’ अधिनियमाने निषिद्ध ठरवली आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला. कागद मात्र नेहमी ताजा असतो.

‘कमजोरी’वरच्या उपायांचा या किनाऱ्यावरील शोध बराच मागे जातो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली आणि त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात उतरला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात अफूचे प्रकरण आहे. लोक अफू कामसुखासाठी खातात, पण ती पुरुषाला दुर्बळच करते, असे मत त्यात येते. निरीक्षण चोख होते. कारण सांगण्याचे साधन मात्र त्या काळाच्या वैद्यकाकडे नव्हते.

विसाव्या शतकात या विषयावर मराठीत सरळ बोलण्याचे धाडस रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालले. वाचकांनी लाजतलाजत विचारलेल्या लैंगिक शंकांना ते त्यात शास्त्रीय उत्तरे देत. ही उत्तरे अश्लील असल्याचा खटला उभा राहिला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांची वकिली केली, तरीही दंड टळला नाही. वाचकाला खरे काय ते सांगणारा संपादक आरोपीच्या पिंजऱ्यात गेला आणि भोंदूंचा धंदा निर्वेध चालत राहिला, ही त्या काळाची क्रूर विसंगती होय.

दोष नेमका कुठे असतो, हे कळायला १९८० चे दशक उजाडले. १९८३ मध्ये लास व्हेगासच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत जाईल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वतःला इंजेक्शन टोचून घेतले आणि त्याचा परिणाम भर व्यासपीठावर दाखवला. सभागृह अवाक् झाले, पण मुद्दा सिद्ध झाला. मनात काहीही नसताना, केवळ रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल केल्याने ताठरता येऊ शकते.

शरीरातील यंत्रणा अशी आहे. उत्तेजना मिळताच चेतातंतू व रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्यामुळे स्नायूपेशींत सायक्लिक जीएमपी हा रेणू वाढतो, स्नायू सैल होतात, रक्त आत भरते आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. पीडीई-५ हे विकर तो रेणू सतत मोडत असते. सिल्डेनाफिल या विकरालाच अडवते. म्हणून गोळी इच्छा निर्माण करत नाही, ‘ताकद’ही देत नाही, उत्तेजनाच नसेल, तर तिला करण्यासारखे काहीच नसते.

फायझरच्या इंग्लंडमधील सँडविच येथील प्रयोगशाळेत हे औषध तयार झाले ते रक्तदाब आणि हृदयशूळासाठी. हृदयावर परिणाम बेताचाच दिसला. चाचणीतील पुरुषांनी मात्र भलताच अनुभव नोंदवला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत ‘व्हायग्रा’ला मान्यता मिळाली. नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला नोबेलही त्याच वर्षी मिळाले.

भारतात मूळ कंपनीच्या आधी देशी गोळी पोहोचली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हते, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर होते. वेगळ्या मार्गाने तोच रेणू बनवणे हा गुन्हा नव्हता. मुंबईच्या सिप्लासह अनेक भारतीय कंपन्यांनी २००० नंतर लगेच आपापल्या गोळ्या बाजारात आणल्या. १ जानेवारी २००५ पासून रेणूवर पेटंट मिळू लागले, पण सिल्डेनाफिलचा शोध त्या व्यवस्थेच्या कक्षेत बसण्याइतका नवा नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हायग्रा भारतात आली, तेव्हा दुकानांत स्वस्त पर्याय रांगेने मांडलेले होते. एड्सच्या औषधांबाबत जगभर गाजलेला हाच कायदा या गोळीच्या संदर्भात क्वचित आठवला जातो; बहुधा संकोचामुळे.

स्वस्ताईला एक काळी बाजूही आहे. हृदयशूळात जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी शरीरात नायट्रिक ऑक्साइडच निर्माण करते. दोन्ही औषधे एकत्र आली, तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. म्हणून सिल्डेनाफिल डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच विकावे, असा नियम आहे. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत मात्र हेच रसायन गुपचूप मिसळलेले अनेक देशांतील तपासण्यांत आढळले आहे. शिवाय शिस्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी आकसल्याचे जाणवते. कित्येकदा हा दोष हृदयविकाराची पहिली सूचना असतो. तीच सूचना घेऊन एखादा गृहस्थ डॉक्टरांऐवजी लोकलमधल्या त्या क्रमांकावर फोन करतो, आणि हाती आलेल्या पुडीवर आत काय आहे हे कुठेही लिहिलेले नसते.