संशोधन गावावर की गावासोबत? समजून घ्या मेंढा (लेखा)चा ‘अभ्यासगट’

आदिवासी गावात संशोधक येतात, माहिती घेतात, फोटो काढतात आणि निघून जातात. अहवाल शहरात छापला जातो, गावाला तो अनेकदा दिसतही नाही. गडचिरोलीतल्या एका गोंड गावाने मात्र वेगळी वाट काढली.

हे गाव कोणतं?
धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच.

अभ्यासगट म्हणजे काय?
१९८० च्या दशकात ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल गावाचा कारभार समजून घ्यायला इथे आले. त्यातून गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसू लागले. जंगल, बांबू, कायदे, मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, असे विषय चर्चेला आले.

नियम एकच: अभ्यासगटात कुणीही बोलू शकतं, पण निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. पाहुणा कितीही शिकलेला असो, गावाच्या वतीने ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.

त्याने काय साधलं?
वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, तेव्हा गावाचा जंगलाचा अभ्यास तयार होता. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक.

तरी बांबू विकायची वाट मोकळी नव्हती, कारण वाहतूक परवाने वनविभागाच्या हातात होते. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, हे गावाला माहीत होतं. गाव अडून राहिलं. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं.

कायदा काय सांगतो?
जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा बौद्धिक संपदा हक्क आहे, असं याच कायद्याचं कलम ३ सांगतं. म्हणजे जंगलाची माहिती ‘फुकटात’ मिळणारी वस्तू नाही.

प्रोजेक्टसाठी गावात जाताय?
आधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. विषय गावाने मान्य केलाय का? नोंदींची प्रत गावाकडे, गावाला समजेल अशा भाषेत राहणार का? आणि ग्रामसभा ‘नाही’ म्हणाली, तर तुम्ही परत फिराल का?

तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ नसेल, तर ती भागीदारी नव्हे.