काळी, पांढरी आणि शीव : तीन भूशब्दांचा नकाशातील प्रवास

मानवी भूगोलाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘वस्ती’, ‘भूमी उपयोजन’, ‘सीमा’ या संज्ञा आज स्थिर झाल्या आहेत. शास्त्रीय संज्ञा म्हणून त्यांची घडण बहुतांशी इंग्रजी संज्ञांच्या अनुरोधाने झाली. तथापि या संज्ञांमागील कल्पना मराठी ग्रामव्यवहारास नवीन नव्हत्या. गावाच्या भूमीचे विभाजन दर्शविणारे तीन जुने शब्द – काळी, पांढरी आणि शीव – हेच कार्य दीर्घकाळ करीत होते. एकोणिसाव्या शतकातील जमीन-मोजणीने या तिन्ही शब्दांना सारखी वागणूक दिली नाही. त्या असमानतेचे परिणाम भाषेवर तर झालेच, पण माणसांच्या हक्कांवरही झाले.

‘काळी’ म्हणजे गावाची लागवडीची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावाची वसलेली जागा. दोन्ही नावे मातीच्या रंगावरून पडली आहेत. दख्खनच्या पठारावरील कसदार माती काळी असते. जेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथे चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि केरकचरा साचून जमीन पांढुरकी होते. म्हणून नांदत्या गावाप्रमाणे उजाड झालेल्या गावाची जागाही ‘पांढरी’च राहते. ‘पांढरीचे टेकाड’ हा शब्दप्रयोग पुरातत्त्वज्ञांना विशेष उपयोगी पडला, तो याच कारणाने. जोर्वे, नेवासे, इनामगाव येथील उत्खननांनी महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या वस्त्या उजेडात आणल्या. अशा वसाहतींची खूण खेडुतांच्या भाषेने आधीच नोंदून ठेवली होती.

पुढे या शब्दांचा अर्थ जागेवरून माणसांकडे सरकला. ‘पांढरी’ म्हणजे गावात राहणारा समुदाय, असाही अर्थ रूढ झाला. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात शेती न करणाऱ्या लोकांवरील करास ‘पांढरी’ हेच नाव होते. शेतसारा काळीचा आणि हा कर पांढरीचा, अशी ती विभागणी होती. मातीचा रंग, भूमीचा वापर, समाजाचा वर्ग आणि कराचा प्रकार एवढ्या गोष्टी एका शब्दयुग्माने सांगितल्या जात.

तिसरा शब्द शीव. संस्कृत ‘सीमा’ या शब्दाचे हे प्राकृतातून आलेले रूप होय. मुंबई बेट आणि साष्टी यांच्या सरहद्दीवरील शीव हे स्थलनाम त्याच शब्दाचे आहे. इंग्रजी नकाशात त्याचे ‘सायन’ झाले आणि नावातील अर्थ लोपला. गावाची शीव ओढा, टेकडी, झाड, पुरलेला दगड अशा खुणांनी ओळखली जाई. या खुणांचे ज्ञान कागदावर क्वचितच असे. ते माणसांजवळ असे. शिवेचा तंटा उभा राहिला की गावच्या महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. प्रसंगी दिव्य करून, म्हणजे शपथपूर्वक शीव चालून, हद्द ठरविली जाई. ज्यास गावकुसाबाहेर राहावे लागे, त्याच्याच पावलांनी गावाची हद्द सिद्ध होई. हा विरोधाभास ध्यानात घेतल्यावाचून ‘शीव’ या शब्दाचा सामाजिक अर्थ पुरता उलगडत नाही.

जुनी मापेही अशीच देहाशी व भूमीशी निगडित होती. पाच हात पाच मुठी लांबीची काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चाहूर, असे कोष्टक होते. हाताची लांबी बदलली की काठी बदले, आणि काठीबरोबर बिघाही बदले. शेतांची ओळख ‘थळा’च्या नावाने होई व कोणते थळ कोणाकडे आहे याची यादी ‘थळझाड्या’त असे.

पेशवाईच्या अस्तानंतर १८३० च्या सुमारास प्रिंगल याने पुणे प्रांतात नवी मोजणी व आकारणी अमलात आणली. ती टिकली नाही. त्यानंतर १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काम हाती घेतले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीस नियमांचे रूप आले. तेहतीस फूट लांबीची साखळी आणि तिचे सोळा आणे हे या मोजणीचे साधन होते. साखळीच्या चौरसाचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर झाला. रुपयाचा सोळावा भाग सांगणारा ‘आणा’ येथे भूमीचा भाग सांगू लागला. थळाच्या नावाची जागा सर्व्हे नंबराने घेतली. ‘नकाशा’ हा अरबी मूळ असलेला शब्द मराठीत पूर्वीच होता. मराठेशाहीतील मोडी अक्षरांचे नकाशे उपलब्ध आहेत; त्यांत डोंगर, किल्ले व नद्या चित्ररूपाने येतात, पण एकसारखे प्रमाण सहसा आढळत नाही. आता नकाशा म्हणजे प्रमाणबद्ध आकृती, हा अर्थ खेड्यापर्यंत पोहोचला.

या मोजणीचा हेतू शेतसारा हा होता. म्हणून काळीचा प्रत्येक तुकडा मोजला गेला, त्यास क्रमांक मिळाला, हद्दीचे दगड रोवले गेले. शीव कागदावरील रेषा झाली व तिच्या मानवी साक्षीदाराचे महत्त्व ओसरले. पांढरी मात्र बहुतेक खेड्यांत ‘गावठाण’ या एका नावाखाली अखंड सोडण्यात आली. आतील घरे, अंगणे, बोळ यांची स्वतंत्र आकृती निघाली नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर शेतकऱ्याचे शेत दिसते. भूमिहीनाचे घर तेथे दिसत नाही. ज्याच्याजवळ काळी नव्हती, तो नकाशातही नव्हता.

महार वतनाच्या प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा मुंबईचा कायदा १९५८ साली झाला. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी, २४ एप्रिल २०२० रोजी, केंद्र शासनाची ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली. तिच्यात ड्रोनच्या साह्याने गावांतील वसलेल्या भागाची मोजणी करून घरमालकास मिळकतीचा पुरावा द्यावयाचा आहे. इंदापूरनंतर एकशे पंच्याऐंशी वर्षांनी पांढरीची पाळी आली, असे म्हणता येईल.

येथे शब्दाची व्याप्ती हा व्यवहाराचा प्रश्न बनतो. जुन्या अर्थाने जेथे माणूस राहिला ती पांढरी. दप्तराच्या अर्थाने जेवढी जागा राखून ठेवली तेवढेच गावठाण. या दोन अर्थांच्या मध्ये, गावठाणाच्या रेषेपलीकडे व गायरानात, अनेक घरे उभी आहेत. संज्ञा कोणती स्वीकारावी हे ठरविताना त्या घरांचे स्थानही ठरत असते. म्हणून भूगोलाच्या परिभाषेचा अभ्यास केवळ प्रतिशब्दांच्या यादीने पूर्ण होत नाही. संज्ञेच्या कक्षेत कोण येतो आणि कोण बाहेर राहतो, याची नोंद घेणे हाही त्या अभ्यासाचाच भाग होय.