भरतीरेषेपासून सुरुवात

१२ जानेवारी २०२४ रोजी रायगड जिल्ह्यातले द्रोणागिरी आणि उरण मुंबईच्या एकदम जवळ आले. शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आणि खारकोपर ते उरण हा लोकलचा उरलेला टप्पा, दोन्हींचे उद्घाटन त्याच दिवशी झाले. तोवर दक्षिण मुंबईहून थेट येण्याची वाट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी मोऱ्याची लाँच. उरणच्या मोरा बंदरात गाळ साचतो. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. पावसाळी वारा वाढला की फेऱ्या बंद. किती माणसांनी यावे आणि कधी यावे, हे बऱ्याच अंशी समुद्रच ठरवत असे. आता ते कोण ठरवणार, आणि कशाच्या आधारावर? किनारी पर्यटनाच्या नियोजनाचा अभ्यास माझ्या मते इथून सुरू होतो. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत मी या प्रश्नानेच करतो.

विषय तसा तरुण आहे. पर्यटनस्थळाला जन्म, वाढ, साचलेपण आणि त्यानंतर ऱ्हास किंवा नवी उभारी असे जीवनचक्र असते, ही मांडणी भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये केली. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे शाश्वत विकासाची भाषा जगभर पोचली. त्याच वर्षी उरण तालुक्यातल्याच घारापुरी बेटावरची लेणी जागतिक वारसा यादीत दाखल झाली.

धारणक्षमता, म्हणजे एखादी जागा किती पाहुणे पेलू शकते, ही या शास्त्रातली मध्यवर्ती कल्पना समजून घ्यायला घारापुरीइतकी चांगली जागा नाही. मुख्य लेण्यात एका वेळी किती माणसे उभी राहू शकतील, हा सर्वांत सोपा हिशेब. त्यातून सोमवारची सुट्टी, पावसाळा आणि खवळलेला समुद्र वजा केला की आकडा खाली येतो. मग बोटी, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, कचरा परत नेण्याची सोय आणि राखणीला असलेली माणसे पाहिली की तो आणखी घसरतो. बहुतेक आराखडे इथे थांबतात. पण बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आहेत. समुद्राखालच्या केबलने त्यांच्याकडे वीज पोचली ती २०१८ मध्ये, म्हणजे लेणी जगाचा वारसा ठरल्यानंतर एकतीस वर्षांनी. पाहुण्यांची संख्या मोजणारे आणि यजमानांच्या घरातला अंधार न पाहणारे नियोजन मला अपुरेच नव्हे, तर अन्यायाचे वाटते.

द्रोणागिरीचा किनारा नकाशावर मोकळा दिसला तरी तो मोकळा कधीच नव्हता. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. ओएनजीसीचा प्रकल्प आणि नौदलाची ठाणीही याच पट्ट्यात आहेत. त्याआधीपासून इथे आगरी-कोळ्यांची मिठागरे, खारजमिनीची भातशेती, बांध, भरतीचे पाणी आत-बाहेर करणाऱ्या उघाड्या आणि खाडीतली निवटी-चिंबोरीची मासेमारी होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेमागे तो लढा आहे. त्यामुळे इथे कोणी ‘पर्यटन विकासासाठी जागा’ म्हटले की गावकरी आधी सातबारा आठवतात. ही भीती निराधार नाही. नियोजकाने ती समजून घेतलीच पाहिजे.

याच पट्ट्यातल्या पाणजे आणि आसपासच्या पाणथळींवर रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी उतरतात. ते पाहायला माणसे येतात, पण पक्षी येतात ते चिखलासाठी, आणि तो चिखल जिवंत राहतो भरतीच्या पाण्यावर. पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या तर निरीक्षण मनोरे, फलक, उपाहारगृह यांना काही अर्थ उरत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ आणि २०१९ च्या अधिसूचना वाचणाऱ्याने मीटरची अंतरे पाठ करण्याआधी भरतीरेषा प्रत्यक्ष चालून पाहावी. उधाणाला पाणी कुठवर चढते आणि भांगाला कुठे थांबते, हे उरणजवळच्या करंज्याचा कोणताही जाणता कोळी दाखवील.

मासेमारीला पर्यटन पूरक ठरेल, असे आराखड्यांत सहज लिहिले जाते. पण १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात, म्हणजे होड्या शाकारलेल्या असताना, प्रवासी जलवाहतूकही बरीचशी थंडावते. ज्या महिन्यांत घरात पैसा हवा, त्याच महिन्यांत समुद्रावरचा पाहुणाही येत नाही. पूरक उत्पन्न पावसाळ्यात हवे असेल तर ते डोंगरउतार, भातशेती आणि चिरनेरसारखी इतिहास असलेली गावे यांच्या आधारे उभे करावे लागेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हंगामाशी जुळवून घेण्याचा एक मार्ग सापडला. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत राहतात, पिल्ले समुद्राकडे निघाली की दोरीअलीकडून पाहतात. वेळापत्रक कासवाचे, पंगत गावाची. उरणच्या औद्योगिक किनाऱ्यावर याची नक्कल होणार नाही. पण संरक्षण आधी आणि पाहुणे नंतर, हा क्रम इथेही लागू आहे.

अभ्यासाला बसणाऱ्याने पुढची प्रकरणे उघडण्यापूर्वी एक काम करावे. भरती-ओहोटीचे कोष्टक, मोऱ्याच्या लाँचचे वेळापत्रक आणि लोकलचे वेळापत्रक शेजारी-शेजारी ठेवावे आणि हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर कोणत्या तासाला किती माणसे आणि किती वाळू असेल, याचा अंदाज लिहून काढावा. मग तो कागद घेऊन तिथे जावे आणि किनाऱ्यावर रोज वावरणाऱ्यांना दाखवून त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावा.